घरच्या शुश्रूषेचे मोल

वर्धापनदिन जवळ आला, की संपादिकाबाईंचा निरोप येतो : "जुन्या आठवणींवर चार पाने लिहून द्या." आणि मीही गेली कित्येक वर्षे मंडळाची पहिली भाड्याची खोली, पहिला शिवणवर्ग, पहिले हळदीकुंकू ह्यांच्याविषयी त्याच त्या गोष्टी उलटसुलट करून लिहीत आले. यंदा मात्र त्यांची परवानगी काढून मी निराळाच इतिहास लिहावयास घेतला आहे. तो घडला अमेरिकेत. पण माझ्यापुरता त्याचा आरंभ एका स्वयंपाकघरात झाला, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीत माझ्या धाकट्या मावसबहिणीकडे दोन महिने राहून आले. तिच्या सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. मुलाकडे येऊन त्यांना पंचवीस वर्षे होऊन गेली होती, तिकडचे नागरिकत्वही मिळाले होते. पण गेल्या काही वर्षांत स्मृती पार गेली होती. आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे. सुनेला कधी त्या आपली धाकटी जाऊ समजत, कधी परकी बाई समजून घराबाहेर घालवू पाहत. त्यांना न्हाऊ घालणे, भरविणे, रात्री दोनदा उठून पाहणे, हे सारे माझी बहीणच करी. एके रात्री सगळे आवरल्यावर ती टेबलाशी एक छापील तक्ता घेऊन बसली. अंघोळ, कपडे, जेवण, फिरविणे अशा कामांपुढे प्रत्येक दिवसाचे तास मांडू लागली.

"हे ग काय?" मी विचारले.

"आईंच्या कामाची हजेरी. पंधरवड्याला पाठवायची असते. मग पगार जमा होतो."

"कुणाचा पगार?"

"माझा. सरकारच्या योजनेतून."

खोटे कशाला सांगू, ते ऐकून मला कसेसेच झाले. सुनेने सासूला न्हाऊ घालायचे आणि सरकारला तासांचा हिशेब द्यायचा! माझा चेहरा पाहून ती हसली. म्हणाली, "ताई, खरी गंमत पुढेच आहे. आईंना आता सही कळत नाही, म्हणून त्यांच्या वतीने हे सही करतात. सही करणाराने पगार घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे कागदोपत्री हे मालक नि मी नोकर!"

"ते कागदावाचूनही तसेच असते," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

परत आल्यावर मंगळागौरीच्या कार्यक्रमात मी ही हकीकत सांगितली. निम्म्या जणींनी नाके मुरडली. पगार घेतला तर ती सेवा कसली, उद्या मुलाला दूध पाजल्याचेही बिल लावतील, असे बरेच काही बोलून झाले. आमच्यात वयाने सर्वांत वडील असलेल्या बाई गप्प होत्या. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे त्यांनी सतरा वर्षे केले आहे. शेवटी त्या इतकेच म्हणाल्या, "मला कुणी देऊ केला असता, तर मी नाही म्हटले नसते." त्यावर कोणी काही बोलले नाही.

मीही त्या दिवशी बोलले नाही, आता लिहिते. १९९२ साली माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. मी तेव्हा एका शाळेत शिक्षिका होते. चौदा वर्षे नोकरी झाली होती. वर्षभर बिनपगारी रजा काढून पाहिली. पुढे रजा वाढवून मिळेना, तेव्हा राजीनामा दिला. राजीनामा दिला, की मागची नोकरी निवृत्तिवेतनाला धरत नाहीत, हे मला कोणी समजावून सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सासूबाई २००१ मध्ये गेल्या. आमचे हे हिशेबाला फार चोख. त्या नऊ वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या आजही माळ्यावर आहेत. औषधे, डॉक्टरांची फी, रबरी चादर, पावडर, चाकाची खुर्ची, गादी पुन्हा पिंजून घेतल्याची मजुरी, दमडीन् दमडी लिहिलेली आहे. माझ्या कामाची ओळ मात्र त्यांत नाही. ह्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. अशी काही ओळ असू शकते, हे मलाही ठाऊक नव्हते. ती मी पहिल्यांदा पाहिली न्यू जर्सीतल्या त्या तक्त्यावर. आणि एका सरकारच्या वहीत ती आली कशी, हे शोधून काढण्याचा मला नाद लागला.

अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसाहाय्याच्या दोन मोठ्या योजना एकाच दिवशी जन्मल्या. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स ह्या गावी, माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन ह्यांच्या साक्षीने, त्या कायद्यावर सही केली. एक योजना मेडिकेअर. ती मुख्यतः पासष्टी उलटलेल्यांसाठी, मग तो गरीब असो वा श्रीमंत. दुसरी मेडिकेड. ती गरिबांसाठी, आणि तिचा खर्च केंद्राने व राज्याने वाटून घ्यावयाचा. त्यामुळे राज्य तितके मेडिकेड. नावे इतकी सारखी, की तिकडची माणसेही गोंधळतात. आपल्यापुरते एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे : मेडिकेअर दुखणे बरे करण्याचा खर्च देते. जे दुखणे बरे व्हावयाचेच नाही, ज्याला औषधाहून रोजचा हात अधिक लागतो, त्याचा वर्षानुवर्षांचा खर्च ती देत नाही. तो भार गरिबांपुरता मेडिकेडवर येऊन पडला.

मेडिकेडने तो उचलला, पण कसा? आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले, की बाळंतपणाचे खाजगी इस्पितळ डोळ्यांपुढे येते. तिकडे नर्सिंग होम म्हणजे वृद्ध व पंगू माणसांना कायमचे ठेवून त्यांची शुश्रूषा करणारी संस्था. गरजू प्रौढ रुग्णाला अशा संस्थेतली खाट दिलीच पाहिजे, असे बंधन कायद्याने राज्यांवर घातले. त्याच रुग्णाला त्याच्या घरी हातपाय धुण्यासाठी, उठवून बसविण्यासाठी माणूस द्यावा की न द्यावा, हे पुष्कळसे राज्यांच्या मर्जीवर सोडले. संस्थेतली खाट हा हक्क झाला आणि घरातली मदत ही मेहेरबानी. कायदा करणाऱ्यांच्या मनात काही वाकडे होते असे मला वाटत नाही. घर म्हटले, की तेथे कोणीतरी असणारच आणि ते कोणीतरी विनामूल्य करणारच, असे त्यांनी धरून चालले असावे. ते कोणीतरी म्हणजे कोण, हे ह्या स्मरणिकेच्या वाचकभगिनींना सांगावयास नको.

सोळा वर्षे हे असेच चालले. मग एका तीन वर्षांच्या मुलीने त्याला धक्का दिला.

केटी बेकेट हिचा जन्म १९७८ च्या मार्चमध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे झाला. पाच-सहा महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण श्वास घेण्याची शक्ती गेली. गळ्याला नळी आणि उशाशी यंत्र, अशा स्थितीत ती इस्पितळात वाढू लागली. हळूहळू प्रकृती इतकी सुधारली, की यंत्र घरी नेऊन तिला घरीच ठेवता येईल, किंबहुना तेच तिच्या हिताचे आहे, असे डॉक्टर म्हणू लागले. अडचण निघाली ती हिशेबाच्या नियमात. मूल इस्पितळात दीर्घकाळ राहिले, तर आईबापांची मिळकत त्याची म्हणून धरीत नसत, म्हणून ते मेडिकेडला पात्र ठरे. तेच मूल घरी आले, की आईबापांची मिळकत त्याच्या नावावर मोजली जाई आणि साहाय्य बंद पडे. श्वासाच्या यंत्राचा आणि परिचारिकांचा खर्च झेपण्याइतकी मिळकत तर त्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबाची नव्हतीच. म्हणजे मुलीला घरी आणणे आणि तिचे उपचार तोडणे ह्यांचा अर्थ एकच होत होता.

तिची आई ज्यूली बेकेट ही गप्प बसणारी बाई नव्हती. तिने आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला गाठले, आणि ही गोष्ट चढत चढत थेट अध्यक्ष रोनाल्ड रेगन ह्यांच्यापर्यंत गेली. १० नोव्हेंबर १९८१ च्या वार्ताहर परिषदेत त्यांनी ती, मुलीचे नाव न घेता, साऱ्या देशाला सांगितली. इस्पितळात ठेवण्यासाठी मेडिकेड महिना ६,००० डॉलर देते. घरी १,००० डॉलर पुरतील. पण ते हजार देण्यास नियमाची आडकाठी आहे, असा तो हिशेब होता. नियम मोडून वाट करून देण्यात आली आणि त्याच वर्षी नाताळाच्या आधी केटी घरी आली. पुढल्या वर्षी, १९८२ मध्ये, अशा मुलांसाठी राज्यांना कायद्यातच सोय करून देण्यात आली. तिला आजही केटी बेकेटच्या नावाने ओळखतात. केटी स्वतः कॉलेज शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलू लागली आणि २०१२ च्या मे महिन्यात, चौतिसाव्या वर्षी वारली. तिच्या आईने पुढे इतर मातांच्या जोडीने फॅमिली व्हॉइसेस ही संघटना उभी केली. ती २०२२ मध्ये गेली.

ह्या कहाणीत दयेचा भाग आहेच. परंतु रेगन हे सरकारी खर्चावर कात्री चालविणारे अध्यक्ष म्हणून प्रसिद्ध, आणि त्यांना ही गोष्ट पटली ती सहा हजार व एक हजार ह्या दोन आकड्यांच्या फरकामुळेही, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेडिकेडच्या कायद्यात एक नवे कलम आले होते. राज्याने केंद्राची मंजुरी घेऊन संस्थेऐवजी घरी सेवा द्याव्यात. अट एवढीच, की सरासरीने तो खर्च संस्थेच्या खर्चापेक्षा अधिक होता कामा नये. घराचा दरवाजा उघडला तो काटकसरीच्या किल्लीने. मला त्याचे वाईट वाटत नाही. पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच होतात.

मात्र नीट पाहिले तर एक गोष्ट दिसेल. हजार डॉलर गेले यंत्राला, औषधाला, परिचारिकेला. परिचारिकेची पाळी संपली म्हणजे रात्री जागणाऱ्या आईच्या नावाची ओळ अजून वहीत नव्हतीच.

ती ओळ यावयास आणखी एका विचाराची गरज होती, आणि तो आला अपंगांकडून. कॅलिफोर्नियातील एड रॉबर्ट्स ह्या मुलाला १९५३ साली चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली बहुतेक शरीर निकामी झाले. रात्री तो लोखंडी श्वासयंत्रात झोपे. तरी १९६२ मध्ये त्याने बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळविला, आणि त्याच्यासारखे आणखी काही विद्यार्थी जमल्यावर त्यांनी एक साधी गोष्ट जगाला ऐकविली : मला उचलणारा, मला आंघोळ घालणारा माणूस कोण असावा, हे मी ठरवीन, कार्यालय नव्हे. १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियाने जी घरपोच मदतीची योजना आखली, तिच्यात हे तत्त्व उतरले. मदतनीस निवडावयाचा तो मदत घेणाराने. आणि तो नातलग असला तरी हरकत नाही. आज त्या योजनेत पैसे घेऊन काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळी ज्यांचे करतात त्यांचे नातेवाईकच आहेत.

बाकीच्या देशात ही कल्पना रुजावयास मात्र पंचवीस वर्षे लागली. शंका स्वाभाविक होत्या. म्हाताऱ्या माणसाच्या हाती पैसे दिले तर मुले ते खाऊन टाकतील. काम न करताच तास लिहितील. हेळसांड झाली तर जबाबदार कोण? शेवटी असे ठरले, की वाद घालीत बसण्यापेक्षा करून पाहावे. आर्कन्सॉने १९९८ च्या डिसेंबरात, न्यू जर्सीने १९९९ मध्ये आणि फ्लोरिडाने २००० मध्ये प्रयोग सुरू केला. केंद्रीय आरोग्यखाते आणि रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठान ह्यांनी त्याला पाठबळ दिले. राजीखुशीने आलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे संस्थेकडून बाई पाठवावयाची. दुसऱ्या गटाला त्या सेवेच्या किमतीएवढी महिन्याची रक्कम ठरवून द्यावयाची, हिशेबाला व सल्ल्याला एक माणूस द्यावयाचा, आणि मग त्यांनी हवे त्याला कामावर ठेवावे. दुसऱ्या गटातील बहुतेकांनी मुलगी, सून, नात, शेजारीण अशाच माणसांना ठेवले, हे ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. अभ्यासकांना दिसले ते असे : दुसऱ्या गटातली माणसे अधिक समाधानी होती, त्यांची कामे कमी अडून राहत, प्रकृतीची हेळसांड वाढली नाही, आणि फसवणुकीचे जे भय घातले होते ते फारसे खरे ठरले नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचा शीणही कमी झाला. खर्च मात्र काहीसा वाढला. कारण मोठे मासलेवाईक आहे : पहिल्या गटातील अनेकांना मंजूर झालेली मदत प्रत्यक्षात मिळतच नव्हती, कारण पाठवावयास बाई नसे. न झालेल्या कामाचा पैसा वाचतो, हे खरेच.

न्यू जर्सीतील त्याच प्रयोगातून पुढे कायमची योजना झाली, आणि तिच्याच तक्त्यावर वीस वर्षांनी माझी बहीण तास मांडीत बसली होती.

सून आली, मुलगी आली. आता बायकोचे काय? ह्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत विचारात पाडले ते ह्या प्रश्नाने. मेडिकेडचा जुना नियम असा, की ज्याच्यावर कायद्यानेच सांभाळाची जबाबदारी आहे, त्याला नेहमीच्या अंगसेवेचे पैसे नाहीत. म्हणजे लहान मुलाचे आईबाप आणि पतिपत्नी वगळले. जे कर्तव्यच आहे त्याचे मोल कसले, हा युक्तिवाद मंगळागौरीच्या दिवशी मी आमच्याच मंडळात ऐकला होता, तो वॉशिंग्टनच्या कागदांतही भेटला. उलट १९८८ पर्यंत स्थिती अशी होती, की नवरा नर्सिंग होममध्ये गेला, तर मेडिकेडला पात्र होण्यासाठी दोघांची बहुतेक पुंजी आधी संपवावी लागे आणि घरी राहिलेली बायको कंगाल होई. त्या वर्षीच्या कायद्याने घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी काही मिळकत व शिल्लक राखून ठेवली.

बायकोला वगळण्याची ही खोड एकट्या अमेरिकेची नव्हे. ब्रिटनने १९७६ मध्ये, घरी पंगू माणसाची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडणारांना भत्ता सुरू केला. तो पुरुषांना होता, अविवाहित स्त्रीला होता. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रीला नव्हता, कारण ती नाहीतरी घरीच असावयाची! जॅकी ड्रेक नावाच्या विवाहित बाईने १९८४ मध्ये आपल्या आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली, भत्ता मागितला, नाकारला गेला, आणि तिने थेट युरोपच्या न्यायालयापर्यंत दाद मागितली. २४ जून १९८६ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. सरकारला वारा कळला होता. त्याने आदल्याच दिवशी विवाहित स्त्रियांना भत्ता देण्याचे जाहीर करून टाकले. दहा वर्षे जे जमत नव्हते ते एका संध्याकाळी जमले.

अमेरिकेत बायकोच्या कामाची ओळ ठळकपणे लिहिली गेली ती सैनिकांच्या खात्यात. इराक व अफगाणिस्तानातून मेंदूला मार बसून, हातपाय गमावून तरुण परत आले. त्यांच्या बायका आणि आया नोकऱ्या सोडून त्यांच्या उशाशी बसल्या. ५ मे २०१० रोजी अध्यक्ष ओबामा ह्यांनी सही केलेल्या कायद्याने अशा घरच्या शुश्रूषाकर्त्यांना दरमहा भत्ता, शिक्षण आणि स्वतःच्या आजारपणासाठी आरोग्यविमा मिळू लागला. प्रथम तो ११ सप्टेंबर २००१ नंतर जायबंदी झालेल्यांपुरता होता. व्हिएतनामच्या लढाईतल्या सैनिकांच्या बायका विचारू लागल्या, आम्ही चाळीस वर्षे करतो आहोत ते काय? त्यांचा समावेश २०१८ च्या कायद्यामुळे १ ऑक्टोबर २०२० पासून झाला, आणि उरलेल्यांचा दोन वर्षांनी. २०२० च्या साथीत तर बाहेरची बाई घरात येईनाशी झाली. तेव्हा अनेक राज्यांनी मेडिकेडमध्येही आईबापांना व पतिपत्नींना पैसे देण्याची तात्पुरती मुभा घेतली, आणि साथ ओसरल्यावर काहींनी ती कायम केली.

हे वाचून तिकडे सारे आबादीआबाद आहे असा समज होऊ नये. घरच्या सेवांसाठी कित्येक राज्यांत लाखो माणसे यादीत नाव घालून वर्षानुवर्षे थांबून आहेत. १९९३ च्या कायद्याने तर अशी तरतूद केली, की पंचावन्न वर्षांवरील माणसावर मेडिकेडने केलेला ह्या प्रकारचा खर्च तो वारल्यावर त्याच्या मालमत्तेतून राज्याने वसूल करावा. ज्या घरात सेवा केली, त्याच घरावर शेवटी सरकारचा हक्क यावयाचा! पतिपत्नी हयात असेपर्यंत थांबतात, एवढेच. आणि २०२५ च्या जुलैमध्ये मेडिकेडच्या खर्चाला मोठी कात्री लावणारा कायदा झाला. पैसा कमी पडला, की राज्ये आधी हात घालतात ते जे ऐच्छिक आहे त्याला. आणि घरची सेवा १९६५ प्रमाणेच आजही बव्हंशी ऐच्छिक आहे.

आमच्या मंडळातल्या टीकाकार भगिनींची बाजूही मी सोडू इच्छीत नाही, कारण तिला जपानात मोठ्या समर्थ बायका मिळाल्या होत्या. जपानने १ एप्रिल २००० पासून दीर्घ शुश्रूषेचा सरकारी विमा सुरू केला. त्याआधी पाच वर्षे जर्मनीने अशाच विम्यात घरच्यांसाठी रोख रक्कम ठेवली होती, म्हणून जपाननेही ठेवावी असा आग्रह होता. हिगुची केइको आणि त्यांच्या महिला संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे सेवा विकू नका असे नव्हते. त्यांचे भय निराळे होते : महिन्याला चार पैसे घरात आले, की सगळे म्हणतील, आता सुनेला पगार मिळतो, मग तिनेच करावे, आणि ती जन्मभर त्या खाटेला बांधली जाईल. पैसे नकोत, बाहेरून माणूस पाठवा, असे त्या म्हणाल्या. जपानने रोख रक्कम ठेवली नाही.

मी ह्यावर पुष्कळ विचार केला. १९९२ मध्ये मला कोणी निवड दिली असती, तर मी काय मागितले असते? दिवसा पाच तास येणारी शहाणी बाई मागितली असती आणि शाळा सोडली नसती. तेव्हा हिगुचीबाई बरोबर आहेत. पण ती बाई मिळालीच नसती, तर? मग मी त्या तक्त्यावर तास मांडले असते आणि मला त्याची लाज वाटली नसती. माझ्या बहिणीने सासूचे काही कमी केले नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांचे डोके हिच्याच मांडीवर होते, आणि त्या आठवड्याची हजेरी पाठवावयाची राहून गेली.

आपल्याकडे २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळाचा खर्च देते. २०२४ मध्ये सत्तरीवरच्या सर्वांना तिचा लाभ खुला झाला. पण रुग्ण भरती झाला तर. घरी आणला, की वही मिटली. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशांसाठी शुश्रूषा-भत्त्याचा उल्लेख आहे. केरळने तर त्याच्याही आधी 'आश्वासकिरणम्' ह्या नावाने अंथरुणाला खिळलेल्यांचे करणाऱ्यांसाठी मासिक भत्त्याची योजना काढली, आणि तो भत्ता पुढे महिना ६०० रुपयांवर गेला. सहाशेत काय होते, असे कोणी म्हणेल. पण ओळ तर लिहिली गेली. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे ह्या बिनमोल कामाला देते आणि पुरुष ९७ मिनिटे, असे निघाले. आजाऱ्याची शुश्रूषा त्यात धरलेली नाही. ती निराळी मोजली आहे.

आपल्या मंडळाच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून वॉकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, भांडे वगैरे अल्प भाड्याने देतो, हे भगिनींना ठाऊक आहेच. त्याच्या नोंदवहीत वस्तू, अनामत, रुग्णाचे नाव, पत्ता आणि परतीची तारीख एवढे रकाने होते. गेल्या गुढीपाडव्यापासून आम्ही आणखी एक रकाना आखला : 'रुग्णाचे कोण करते?' पहिल्या पानावर उतरलेल्या नोंदी अशा : सून. पत्नी. मुलगी. सून. पत्नी. बहीण. सून. मुलगा. सून. पत्नी. काही जणी सांगताना घुटमळतात, आणि हे तुम्हाला कशाला हवे, असे विचारतात. वही सांभाळणारी आमची कार्यकर्ती त्यांना सांगते, "काही नाही, नुसते लिहून ठेवतो."